युनियन कोर्टात गेली, आम्ही कुठं?

कामगाराला जात नसते, असं प्रत्येक युनियनच्या फलकावर लिहिलेलं असतं. छान. मग त्याच युनियनच्या हापिसात जाऊन विचारा की रुळावरची घाण कोण उचलतं, गँगमध्ये उन्हातान्हात फावडं कोण मारतं, स्टँडवरचं मुतारीचं काम कुणाकडं आहे आणि सरचिटणिसाच्या खुर्चीवर आजवर कोण कोण बसलं. उत्तर आडनावांसकट मिळेल. फलक खोटा आहे आणि आडनावं खरी आहेत.

दोस्तांनो, तुम्ही मुंबईत, ठाण्यात, पुण्यात राहता. तुमच्या बुडाखाली लोकल आहे. मी पोलादपूरचा. पोलादपूरला रेल्वे नाही. महाड शहरालाही नाही. कोकण रेल्वे तालुक्याच्या कडेनं जाते. वीर, करंजाडी, विन्हेरे अशी स्टेशनं आहेत, पण तिथवर जायलाही गाडी लागते. आमची रेल्वे म्हणजे एसटी. कुडपणचा म्हातारा दवाखान्यात जातो तो एसटीनं, उमरठची पोरगी कॉलेजात जाते ती एसटीनं. म्हणून एसटीचा कामगार कोर्टात उभा राहतो तेव्हा आमचा जीव वरखाली होतो. आणि म्हणूनच मला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे: सरकारी वाहतूक खात्याच्या विरोधात युनियन कोर्टात जाते तेव्हा ती नक्की कुणाचा खटला लढते?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पान उलटायचंय त्यानं उलटावं. ज्या अर्जात जातीचा प्रश्न नाही, तो खटला कामगारानं जिंकला तरी दलित कामगार हरतो. आणि रस्त्यावर माणसं उभी नसतील तर जिंकलेला खटलाही रद्दीच्या भावानं जातो. हे मी कुठल्या पोथीतून काढलेलं नाही. महाडच्या मातीतून काढलंय.

*

महाड म्हटलं की आमच्या पोरांना चवदार तळं आठवतं. २० मार्च १९२७. पाणी पिऊन झालं, जयंत्या झाल्या, पुतळे झाले. पण त्याच साली डिसेंबरात जे झालं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. बाबासाहेब दुसऱ्या परिषदेला निघाले ते पद्मावती बोटीनं. सरळ रस्ता धरमतरवरून होता, पण तो सोडून ते दासगावला उतरले. का? धरमतरहून पुढं मोटारीनं यायचं होतं, आणि मोटारमालकांनी अस्पृश्यांना घ्यायला नकार दिला तर? दासगावहून महाड पाच मैल. मोटार नाही मिळाली तरी चालत जाता येईल, हा हिशोब.

हा हिशोब नीट डोक्यात बसवा. ज्या माणसाकडं कोलंबियाची आणि लंडनची पदवी होती, जो बॅरिस्टर होता, जो मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद होता, त्याला रस्ता निवडताना मोटारमालकाची जात विचारात घ्यावी लागली. गाडी खाजगी असली की दार मालकाच्या मर्जीनं उघडतं. पुढं १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, १९५० साली राज्यघटना आली, १९६१ साली महाराष्ट्राचं महामंडळ झालं, तेव्हा आमच्यासाठी एवढीच गोष्ट घडली: तिकिटाचे पैसे ज्याच्या हातात, त्याला सीट. आणि राखीव जागेवर भरती झालेला आमचा माणूस खाकी घालून त्याच गाडीत घंटी वाजवू लागला. बाकीच्यांसाठी एसटी ही सोय असेल. आमच्यासाठी तो हक्क आहे. दासगावची पाच मैलांची वाट तिनं बंद केली.

आता कोर्टाचं बघा. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं सर्वांना खुलं केलं होतं. बोलेसाहेबांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. म्हणजे कायदा होता, ठराव होता, शिक्का होता. फक्त पाणी नव्हतं. माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा ठरावाला पाणी सुटलं. मग सवर्णांनी डोकी फोडली, गोमूत्रानं तळं बाटवलं की शुद्ध केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, नगरपालिकेनं ऑगस्टात ठराव मागं घेतला आणि डिसेंबरात सनातनी मंडळी महाडच्या दिवाणी कोर्टात गेली. तळं खाजगी आहे, पुरातन वहिवाट आहे, असा दावा. प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर आणि इतर. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. कोर्ट लगबगीनं धावलं, कुणासाठी ते तुम्ही ओळखलंच असेल.

बाबासाहेबांनी काय केलं? मनाईहुकूम मोडला नाही. पण घरीही बसले नाहीत. तळ्याला मनाई होती, मनुस्मृतीला नव्हती. २५ डिसेंबरला ती जाळली. कोर्टानं एक दार बंद केलं तर त्यांनी कोर्टाच्या अखत्यारीत नसलेल्या घराचं छप्परच पेटवलं. आणि खटलाही सोडला नाही. महाडचं कोर्ट, ठाण्याचं अपील, मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं सांगितलं की अशी कुठली पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं! घोटभर पाण्याला दहा वर्षं. तळ्याचं अंतर कोर्टाच्या पायऱ्यांनी मोजायचं म्हटलं तर आमच्या दोन पिढ्या तहानेनं मेल्या असत्या.

यातून काय शिकायचं? कोर्ट नको असं नाही. महाडनं कोर्ट टाकलं नाही. महाडनं आधी पाय टाकला आणि मग वकीलपत्र टाकलं. आणि त्या कैफियतीत पहिली गोष्ट जात होती. लपवलेली नव्हती.

*

हा धडा घेऊन आता रेल्वेकडं या.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथं सांगितलं. आमचे भाषणबहाद्दर हे वाक्य गेली कैक वर्षं चघळतायत. पण त्याच भाषणात रेल्वेचा जो पंचनामा आहे तो कुणी वाचत नाही. अस्पृश्याला गँगमन करतात, हमाल करत नाहीत. का? तर स्टेशनमास्तर हमालाला घरकामाला वापरतो, आणि अस्पृश्य घरात चालत नाही. म्हणजे पोटाची नोकरीसुद्धा मास्तरीणबाईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडली. हा प्रश्न मजुरीचा होता का? नव्हता. मजुरीची युनियन तो सोडवू शकत होती का? नव्हती. तिच्या डोळ्याला तो दिसतच नव्हता. दिसला असता तर आधी स्वतःचा उंबरा दिसला असता.

तेव्हाही ओरड झाली की हे वेगळी परिषद भरवून कामगार फोडतायत. आजही तीच ओरड होते. जातीचं नाव काढणारा फोडणारा, आणि जात पाळणारा एकजुटीचा! वा रे वा!

स्वातंत्र्य आलं. रेल्वेत राखीव जागा आल्या, बढतीतही आल्या. आणि काय झालं? कोर्टाची रांग लागली. पहिला मोठा खटला दक्षिण रेल्वेचा. रंगाचारी नावाच्या कर्मचाऱ्यानं बढतीतल्या राखीव जागांना आव्हान दिलं. मद्रास हायकोर्टात तो जिंकला, १९६१ साली सुप्रीम कोर्टात हरला. तीन न्यायाधीश आमच्या बाजूनं, दोन विरुद्ध. एका मतावर आमची बढती वाचली. लक्षात ठेवा, एका मतावर.

दुसरा खटला तर शोकेसमध्ये ठेवण्यासारखा आहे. रेल्वे बोर्डानं अनुसूचित जाती-जमातींसाठी बढतीची परिपत्रकं काढली होती. त्यांच्या विरोधात रेल्वे कर्मचाऱ्यांची एक संघटना थेट सुप्रीम कोर्टात गेली. संघटनेचं नाव ऐका: अखिल भारतीय शोषित कर्मचारी संघ. शोषित! ज्यांना दलितांची बढती डोळ्यांत खुपते ते स्वतःला शोषित म्हणवून घेतात. आमचा घाम घेतला, आमची गावं घेतली, आता आमचा शब्दही घेतला. १९८० च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर, पाठक आणि चिन्नाप्पा रेड्डी यांनी ती याचिका फेटाळली. परिपत्रकं टिकली.

आता सांगा. या खटल्यात संघटना कामगारांची, आणि समोर सरकारी रेल्वे. फलकावरच्या न्यायानं तुम्ही कुणाच्या बाजूनं उभं राहाल? कामगार विरुद्ध सरकार म्हणून डोळे मिटून संघटनेच्या मागं जाल? गेलात तर स्वतःच्याच ताटात माती कालवाल. म्हणून मी म्हणतो, युनियन कोर्टात गेली एवढं ऐकून टाळ्या वाजवू नका. अर्जातली शेवटची ओळ वाचा, तिथं मागणी असते. कामगाराचं नाव घेऊन कोण काय मागतंय ते तिथं कळतं.

आणि सरकारला आमचा कैवार आला म्हणून त्यानं ती बढती कोर्टात राखली, असंही समजू नका. सरकारचा खरा चेहरा त्याच रेल्वेत बघा. ८ मे १९७४ ला लाखो रेल्वे कामगार संपावर गेले. संप मोडायला मिसा वापरला, डीआयआर वापरला, हजारोंना तुरुंगात घातलं, घरं रिकामी करायला लावली, चौकशी न करता नोकरीवरून काढलं. वीस दिवसांत संप संपला. चौकशी न करता काढता येतं का, हा प्रश्न पुढं दुसऱ्या प्रकरणांतून सुप्रीम कोर्टात गेला. रेल्वेच्या बडतर्फ कामगारांचे अर्जही त्यात होते. १९८५ साली, तुलसीराम पटेल खटल्यात, कोर्टानं सांगितलं की विशिष्ट परिस्थितीत चौकशीशिवाय काढलं तरी घटनेला ते चालतं. झालं! नोकरी गेली, सुनावणीही गेली.

बाबासाहेब १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध उभे राहिले होते. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून संप केला. आणि २००३ साली तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही, नैतिकही नाही. बाबासाहेबांची तसबीर कोर्टाच्या भिंतीवर लावायची आणि त्यांचा मुद्दा कोर्टाच्या केराच्या टोपलीत टाकायचा. हा आपल्या लोकशाहीचा अंतर्बाह्य कारभार.

*

कोर्टात गरिबाला कधीच काही मिळालं नाही, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. १९८५ सालीच इंदरपाल यादव खटल्यात रेल्वेच्या प्रकल्पांवर राबणाऱ्या हंगामी मजुरांना तात्पुरत्या नोकरदाराचा दर्जा टप्प्याटप्प्यानं द्यायची योजना सुप्रीम कोर्टानं मार्गी लावली. १९९५ साली रेल्वेच्या हमालांच्या महासंघानं लढून ठेक्यावरच्या पार्सल हमालांना कायम करण्याचे आदेश मिळवले. हे हमाल, हे मजूर कोण होते ते तुम्हांला सांगायला नको. पण २००१ साली पोलाद कंपनीच्या खटल्यात घटनापीठानं सांगून टाकलं की ठेका पद्धत बंद केली तरी ठेकेदाराचा कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं आखडलं. मधल्या काळात मोठ्या युनियना कुठं होत्या? त्या कायम कामगारांच्या महागाई भत्त्याच्या गणितात होत्या.

आणि एक खटला असा आहे की जो एकट्यानं माझं सगळं म्हणणं सिद्ध करतो. हातानं मैला उचलायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. पण स्टेशनात गाडी उभी राहायची, वरून पडायचं, खाली माणूस साफ करायचा. हा माणूस कुठल्या जातीचा? रेल्वे देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी मालकांपैकी एक, आणि तिच्या रुळांवर मनूचा कायदा वेळापत्रकाप्रमाणे चालू होता. २००३ साली सुप्रीम कोर्टात याचिका गेली. कुणी केली? रेल्वेच्या मान्यताप्राप्त महासंघांनी? नाही. सफाई कर्मचारी आंदोलनानं केली. ज्यांच्या हाताला ती घाण लागते त्यांनी केली. २७ मार्च २०१४ ला निकाल आला: रेल्वेनं ठरावीक मुदतीत रुळांवरची ही पद्धत संपवावी. अकरा वर्षं लागली. चवदार तळ्याला दहा, रुळाला अकरा. प्रगती बघा, देश पुढं गेला की!

लाखोंची वर्गणी गोळा करणाऱ्या युनियनांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच फलाटावर, त्यांच्याच सभासदांच्या पायाखाली हे चाललं होतं. त्यांच्या मागण्यांच्या यादीत बोनस होता, पास होता, क्वार्टर होती. माणूस नव्हता. कारण तो माणूस त्यांच्या लेखी आधी जात होता, कामगार नंतर. आणि आम्ही जात म्हटलं की आम्ही फुटीर!

*

आता माझ्या एसटीकडं येतो.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडमध्ये कुणी विसरणार नाही. मुंबई-गोवा हमरस्त्यावर सावित्रीचा पूल कोसळला. १९२८ साली बांधलेला दगडी पूल. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक खाजगी मोटार पुरात गेली. प्रवासी गेले, ड्रायव्हर-कंडक्टर गेले. खाली सावित्री फुगलेली, वरून पाऊस, आणि पुढं पूल आहे या सरकारवरच्या विश्वासानं ड्रायव्हरनं गाडी घातली. पूल सरकारचा. रस्ता सरकारचा. गाडीवर नाव महाराष्ट्र राज्याचं. मेल्यावर श्रद्धांजली सरकारची.

पाच वर्षांनी, २०२१ च्या ऑक्टोबराअखेर, त्याच एसटीचे कामगार म्हणाले: आम्हांला सरकारी कर्मचारी करा. महामंडळ राज्य शासनात विलीन करा. अर्धवट पगार, तोही वेळेवर नाही. कामगारांनी गळफास घेतले होते. सरकार म्हणालं, तुम्ही आमचे नाहीत, तुम्ही महामंडळाचे. महामंडळ म्हणालं, आमच्याकडं पैसा नाही, तो सरकारकडं. पुरात मरताना सरकारचे, पगार मागताना कुणाचेच नाहीत! मान्यताप्राप्त संघटनेनं आणि कृती समितीनं माघार घेतली, कामगारानं नाही घेतली. नेत्यांना मागं टाकून डेपोच्या दारात माणसं बसली. साडेपाच महिने बसली.

कोर्टात आधी कोण गेलं? महामंडळ गेलं. हायकोर्टानं संपाला मनाई केली, संप थांबला नाही म्हणून अवमान याचिका आली. इथंही मनाईहुकूम आधी, न्याय मागाहून. १९२७ चं महाड आठवा. मग तीन सदस्यांची समिती नेमली, तिच्यात राज्याचे मुख्य सचिव. ज्याच्या विरुद्ध तक्रार, त्याचाच माणूस पंच. मधे २४ नोव्हेंबरला मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली. हजारोंना निलंबित केलं, हजारोंना बडतर्फ केलं. समितीनं सांगितलं, विलीनीकरण शक्य नाही. ७ एप्रिल २०२२ ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती कर्णिक यांच्या खंडपीठानं सांगितलं की २२ एप्रिलपर्यंत कामावर या, येणाऱ्यांना बडतर्फ करू नका. कामगार परत गाडीवर चढला. रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या जोरावर पगारवाढ आली, नोकरी वाचली. कोर्टानं आपणहून काही दिलं नाही. जे मिळालं ते डेपोच्या दारात बसल्यानं मिळालं, हे पक्कं ध्यानात ठेवा.

मी त्या संपाच्या बाजूचा आहे. तेव्हाही होतो. पण आता कडू बोलणार आहे.

७ मे २०२१ ला याच राज्य सरकारनं एक शासन निर्णय काढला. बढतीतली राखीव ३३ टक्के पदं सेवाज्येष्ठतेनं सगळ्यांना खुली करून टाकली. त्याच्या आधी २०१७ साली हायकोर्टानं बढतीतल्या आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय रद्द केला होता, आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलेलं होतं. निकालाची वाट न बघता मे महिन्यात दार लावून घेतलं. सहा महिनेही झाले नाहीत तोच संप. आणि मागणी काय? आम्हांला या शासनात विलीन करा. अरे, कुठल्या शासनात? ज्यानं आमच्या माणसाची बढती नुकतीच गोठवली त्या शासनात? विलीनीकरण झालं असतं तर खुल्या वर्गातला कंडक्टर सरकारी झाला असता आणि आमचा कंडक्टर सरकारी कंडक्टर म्हणूनच निवृत्त झाला असता. विलीनीकरणाबरोबर बढतीतलं आरक्षण परत द्या, बिंदुनामावली लावा, अनुशेष भरा, ही मागणी त्या संपाच्या मुख्य घोषणेत मी तरी ऐकली नाही. नऊ-दहा आकडी पगाराची स्वप्नं ऐकली नाहीत, साध्या भाकरीच्या मागण्या ऐकल्या. त्या खऱ्याच होत्या. पण ती भाकरी वाढताना पंगत कशी बसवायची, हे कुणी बोललं नाही.

आणि पंगतीबाहेर आणखी एक माणूस उभा आहे. ठेक्यावरचा. स्टँड झाडणारा, संडास धुणारा, गाडी धुणारा. २०१७ साली शिवशाही आली तेव्हा काही गाड्या खाजगी मालकाच्या आणि ड्रायव्हरही मालकाचा. संप मोडायला कंत्राटी ड्रायव्हर आणले. ठेकेदाराला बिंदुनामावली नाही. त्याला अनुशेष नाही, अॅट्रॉसिटीची भीती नाही, जाहिरात काढायची सक्ती नाही. तो माणूस घेतो तो मर्जीनं. म्हणजे काय? धरमतरचा मोटारमालक परत आला. फरक एवढाच की १९२७ साली तो आम्हांला गाडीत बसू देईल का हा प्रश्न होता, आता तो आम्हांला गाडी चालवू देईल का हा प्रश्न आहे. खाजगीकरणाला विरोध करताना युनियन म्हणते, कायम नोकऱ्या जातील. बरोबर. पण आमच्या बाबतीत नोकरीच्या आधी दार जातं. राखीव जागा कुणी रद्द करायची गरजच उरत नाही. जागाच सरकारी ठेवली नाही की झालं. घटनेला हात न लावता घटना संपते.

*

इथं आमचे लाल मित्र म्हणतील, तुम्ही पुन्हा जातीवर आलात, वर्गावर कधी येणार? त्यांना मी दासगावला पाठवतो. महाडची परिषद भरवणाऱ्यांत पुढं होते ते रामचंद्र बाबाजी मोरे, याच दासगावच्या परिसरातले. पुढं ते कम्युनिस्ट झाले, गिरणी कामगारांत राबले, मरेपर्यंत लाल बावटा सोडला नाही. पण त्यांनी महाडही सोडलं नाही. जातीचा, अस्पृश्यतेचा प्रश्न पक्षानं स्वतःचा करावा म्हणून ते पक्षालाच लिहून देत राहिले. आमच्या तालुक्यानं असा माणूस दिला, की जो एका हातात दोन झेंडे धरू शकत होता. तुम्ही त्यातला एक झेंडा गुंडाळून कपाटात का ठेवला, हा जाब तुम्ही द्यायचाय, मी नाही.

आणि आमच्या निळ्या मित्रांनाही दोन शब्द. आपल्या मागासवर्गीय कर्मचारी संघटना बढतीसाठी कोर्टात जातात. जायलाच पाहिजे. पण साहेबाच्या बढतीसाठी जेवढे वकील उभे राहतात तेवढे स्टँड झाडणाऱ्या बाईच्या किमान वेतनासाठी का नाही राहत? ती आपली नाही? तिच्याकडं वर्गणी नाही म्हणून? जयंतीला तिच्याकडून पन्नास रुपये घेताना ती आपली असते. फायलीवर सही आली की समाज विसरणारे जे पांढरपेशे आपल्यात तयार झालेत, त्यांनी शोषित कर्मचारी संघाला शिव्या घालण्याआधी स्वतःच्या संघाचं सभासद-रजिस्टर उघडावं. त्यात ठेक्यावरचा एक तरी माणूस आहे का बघावं. आणि गटागटांत फुटलेले आपले पुढारी? ते कुठल्याही खटल्यात पक्षकार नसतात. ते तडजोडीच्या दिवशी येतात.

तेव्हा करायचं काय?

युनियन सोडायची नाही. युनियनमध्ये घुसायचं आणि बसायला सतरंजी नाही, खुर्ची मागायची. कार्यकारिणीत दलित, आदिवासी, भटके आणि बाया नसतील तर वर्गणीची पावती फाडायची नाही. युनियन रेल्वे विरुद्ध, एसटी विरुद्ध कोर्टात जाईल तेव्हा अर्जाच्या मागण्यांत तीन ओळी असल्याच पाहिजेत: बिंदुनामावली पाळा आणि अनुशेष भरा, बढतीतलं आरक्षण द्या, ठेक्यावरच्या सफाई कामगाराला कायम करा. या तीन ओळी नसतील तर त्याच खटल्यात आपण आपला वेगळा अर्ज टाकायचा. कोर्टाला सांगायचं की इथं कामगार नावाचा एकच माणूस उभा नाही, दोन उभे आहेत, आणि मागचा दिसत नाही कारण पुढच्यानं त्याला झाकलंय. कायदा शिकलेली आपली पोरं मुंबईत ढिगानं आहेत. त्यांनी कॉर्पोरेट हापिसांच्या लिफ्टमधून जरा खाली उतरावं आणि पेणच्या विभागीय कार्यालयाला, महाडच्या डेपोला माहितीच्या अधिकारात चार अर्ज टाकावेत: किती पदं, किती राखीव, किती रिकामी, किती ठेक्यावर. आकडे हातात घ्या. मग अर्ज लिहा. मग या.

या म्हणजे इकडं या. २० मार्चला तुम्ही महाडला येताच, लाखानं येता, एसटीनं येता. तळ्यावर डोकं टेकता, पाणी ओंजळीत घेता, दुकानातून फोटो घेता आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. या वेळी तळ्यावरून निघालात की पाच मिनिटं स्टँडवर थांबा. तुमच्या बाटल्या, तुमच्या पत्रावळ्या उचलत जी बाई झाडू मारत असेल तिला विचारा, बाई, तुझा मालक कोण? ती ठेकेदाराचं नाव सांगेल, किंवा सांगता यायचं नाही तिला. तिचा मालक कोण, हा आपला पुढचा दावा. वादी आपण. तारीख कोर्ट देईल तेव्हा देईल. डेपोच्या दारात बसायची तारीख आपण ठरवायची.

जय भीम.